जावयाच्या ताटातला पिकअप

आमच्या जावयाच्या ताटात गिटारीचा पिकअप वाढला गेला, यात पिकअपचा काहीही दोष नव्हता. तो बिचारा ठेवला तिथं गुपचूप पडून होता. दोष कुणाचा, हे आमच्या घरात एकमतानं ठरलेलं आहे. आमच्या घरात एकमतानं ठरलेली ती एकमेव गोष्ट आहे!

मी प्रशांत. घरात पश्या. दिंद्रुडला आमचं मोटारपंपाचं आणि पाईपांचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना पाणबुडी मोटारी विकतो आणि उरलेल्या वेळात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. (वाजवतो हा माझा शब्द. अण्णा, म्हणजे माझे वडील, 'खाजवतो' म्हणतात.) कॉलेजात असताना संभाजीनगरहून आणलेली ही लालभडक गिटार माझं लग्न झालं, दुकान वाढलं, पोट वाढलं, तरी इमानानं टिकून होती. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र तिचा ब्रिजजवळचा पिकअप मेला.

आता हे काय असतं ते सांगतो. गिटारीच्या तारा खालच्या टोकाला ज्या पट्टीवर टेकलेल्या असतात, ती ब्रिज. तिच्या शेजारी, तारांच्या खाली, एक काळी लांबट डबी बसवलेली असते. आत लोहचुंबक आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. वरची तार थरथरली की ही डबी तो आवाज पकडते आणि स्पीकरकडे धाडते. वेटोळी दोन अशासाठी, की दोघांनी एकमेकांची कुरकुर मारून टाकावी आणि बाहेर फक्त गोड आवाज जावा. म्हणून ह्या जोडीच्या पिकअपला हंबकर म्हणतात. (असं जोडपं मी गिटारीबाहेर अजून पाहिलेलं नाही.)

तर जेवताना मी जाहीर केलं, "मला नवीन पिकअप घ्यायचाय."

अण्णांनी हातातली भाकर खाली ठेवली. इतक्या कौतुकानं त्यांनी माझ्याकडे बारावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं.

"घे की बे! कवाचं सांगायलोय मी. पाईप टाकायला दुसऱ्याची गाडी कशापायी बघायची? पांढरा घे, धूळ दिसत न्हाई."

"अण्णा, गाडी न्हाई. गिटारीचा पिकअप. ब्रिजवरचा."

"कोन्त्या ब्रिजवरचा? सिंदफणा नदीच्या?"

मी डबी काढून दाखवली. अण्णांनी ती उलटीपालटी करून बघितली, म्हणाले, "ह्याच्यात तांब्याची तारच हाय ना? मंग आपल्या दुकानातली गुंडाळ," आणि भाकर परत उचलली. घरात मला कुणी जाणकार सल्लागार मिळणार नाही हे उघड झालं. मग मी मोबाईलवरच्या गिटारवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं: ब्रिजला कोणता हंबकर घ्यावा?

हा प्रश्न मी विचारायला नको होता. पुण्याचा एक म्हणाला, सिरॅमिक चुंबकाचा घ्या, आवाज तिखट लागतो. नाशिकचा म्हणाला, भलतंच! सिरॅमिक घशाशी येतो. अल्निको नावाच्या मिश्रधातूचा घ्या, मऊ, साजूक. तिसऱ्याचं म्हणणं, अल्निकोत मधलं भरीव लागत नाही, वरून करपल्यासारखा येतो. चौथा म्हणाला, खालचा आवाज घट्ट हवा की सैल ते आधी ठरवा. माझ्या खांद्यावरून हे सगळं वाचत उभी असलेली माझी बायको शीतल म्हणाली, "तुमी गिटारीचं बघायलात का खानावळ लावायलात?"

आठ-पंधरा दिवस माझी झोप उडाली. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "पाच एचपीची घ्यावी का साडेसातची?" आणि मी म्हणायचो, "चुंबक कोणता पाहिजे?" शेवटी अल्निकोवर शिक्कामोर्तब झालं. तेवढ्यात ग्रुपवर नवा वाद उभा राहिला: मेणात मुरवलेला घ्यायचा की बिनमेणाचा?

त्याचं असं आहे, की पिकअपची ती बारीक वेटोळी हलू नयेत म्हणून तो वितळलेल्या मेणात बुडवून काढतात. न बुडवलेला पिकअप मोठ्या आवाजात किंचाळू शकतो. पण खऱ्या दर्दी लोकांचं म्हणणं, की मेणानं आवाज गुदमरतो. बिनमेणाचा पिकअप कसा मोकळा श्वास घेतो! मी पडलो दिंद्रुडमधला सर्वांत मोठा दर्दी. (दुसरा कुणी गिटार वाजवतच नाही.) मी बिनमेणाचा मागवला.

आला. बसवला. स्पीकर चालू केला. आवाजाचं बटण फिरवलं आणि पिकअपनं असा काही मोकळा श्वास घेतला, की शेजारच्या कौसाबाईंची म्हैस दावं तोडून थेट ग्रामपंचायतीपर्यंत गेली! तारेला हात लावायच्या आधीच 'कुईईई' सुरू. त्यातून गंमत अशी, की गिटारीवर वाकून जोरात बोललं तर बोलणंही स्पीकरमधून बाहेर पडायचं. मी तशा अवस्थेत "शीतल, चहा!" म्हणून ओरडलो. गल्लीतल्या कुण्या आगाऊ माणसानं बाहेरून विचारलं, "किती कप?"

दुसऱ्या दिवशी कौसाबाई आईकडे आल्या. "आक्का, तुमच्या पश्याला काय तरी सांगा. माजी म्हैस पान्हा चोरायलीय."

आई मला म्हणाली, "एक तर त्याला गप कर, न्हाई तर इक."

ग्रुपवरच्या नाशिकवाल्यानं इलाज सांगितला. सोपा होता. पांढरं मेण आणि थोडं मधमाशांचं मेण एका भांड्यात घ्या, ते भांडं गरम पाण्यात ठेवून मेण वितळवा, पिकअप आत सोडा आणि बुडबुडे येणं थांबेपर्यंत धीर धरा. खाली त्यानं लिहिलं होतं: 'स्वयंपाकाचं भांडं वापरू नये.' हे मी वाचलं होतं. हे कबूल करण्याशिवाय आता मार्ग नाही.

इथं आमच्या दाजींना आणलं पाहिजे. माझी धाकटी बहीण रूपा माजलगावला दिली आहे. तिचे यजमान तिथं ज्युनियर कॉलेजवर पी.टी.चे सर आहेत. सहा फूट उंची, आणि दोन्ही टोकांना वर वळलेली मिशी. लग्नात मानपानाच्या वेळी त्यांच्या मामाचा फेटा बांधायचा राहिला होता. तेव्हापासून दाजी आमच्याकडे आले की फक्त 'हं' म्हणत. पाणी घ्या, हं. बसा, हं. पाऊस नाही, हं. आईला त्या 'हं'ची अशी धास्ती बसली होती, की फोनवर रूपाला ती आधी विचारायची, "बापू बोलले का काही?"

आणि यंदा नेमका धोंड्याचा महिना! लग्नानंतरचा पहिलाच. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, वरून तुपाची धार धरायची. धोंड्याच्या महिन्यातला जावई म्हणजे साक्षात नारायण. रूपानं फोनवर निक्षून सांगितलं, "आई, ह्या बारीला काही गडबड नको. माझ्या सासूबाई सगळं इचारणारेत."

आई म्हणाली, "काही गडबड होत न्हाई. मी हाय ना." (मीही आहे, हे ती विसरली.)

माझा हेतू वाईट नव्हता. मी ठरवलं होतं, जेवणं झाली की दाजींना गिटार ऐकवायची. संगीतानं दगडाला पाझर फुटतो, तर पी.टी.च्या सरांना का फुटू नये? पण त्यासाठी त्या दिवशी पिकअप गप होणं भाग होतं.

सकाळी आई आणि शीतल मागच्या अंगणात चुलीवर धोंडे वाफवत होत्या. स्वयंपाकघरातला गॅस रिकामा. मी आत शिरलो. कपाटात कडेला चोच काढलेलं, दांडीचं, खोलगट स्टीलचं भांडं दिसलं. पिकअप त्यात अगदी मापात बसला! जणू त्याच्यासाठीच घडवलं होतं. आता आमच्या घरात त्या भांड्यातून जन्मभर फक्त तूपच वाढलं गेलंय, हे मला माहीत असायला हवं होतं. पण ताटात तूप पडताना मी कधी भांड्याकडे बघितलंच नव्हतं. मी तुपाकडे बघायचो.

गरम पाण्याचा व्याप टाळून मी भांडं थेट गॅसवर ठेवलं. मेण वितळलं. सोनेरी, पारदर्शक, मधासारखा मंद वास. पिकअप आत सोडला. त्याला करड्या रंगाची, विणलेली, वीतभर वायर असते. ती बाहेर लोंबकळली तर आईला दिसेल म्हणून मी तीही वेटोळं करून आत ढकलली. बुडबुडे यायला लागले. बारीक बारीक, एकामागून एक. मी मोठ्या भक्तिभावानं बघत बसलो.

तेवढ्यात अण्णांची हाक आली, "पश्या! अबे जावई आलेत, कुठं मेलास?"

मी गॅस बारीक केला आणि पळालो.

अण्णांनी दाजींना मधल्या खोलीत पाटावर बसवलं. कूलर थेट त्यांच्या तोंडावर सोडला. वरून पंखा पाचवर. उन्हातून आलेला जावई गारठला पाहिजे, असा अण्णांचा निर्धार होता. ताटाभोवती रांगोळी, चौरंगावर समई. (कूलरनं ती लगेच विझवली.) रूपा आतबाहेर करत होती आणि दर खेपेला माझ्याकडे संशयानं बघत होती.

आत स्वयंपाकघरात काय झालं ते मला नंतर कळलं. शीतलनं खरं तूप पातेल्यात कोमट करून झाकून ठेवलं होतं. आई आली ती चष्मा काढून, कारण धोंड्यांच्या वाफेनं काचेवर धुकं येत होतं. तिला गॅसवर तिचं नेहमीचं भांडं दिसलं. आत सोनेरी, पातळ, गरम. ती म्हणाली, "शीतल, तूप लई झ्याक कढवलंस गं! वास बी काय गोड सुटलाय!"

लग्न होऊन आल्यापासून शीतलच्या तुपाची ही पहिली स्तुती. कुठल्या तुपाबद्दल, हे बघायला ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुमच्याकडूनच शिकले, आई." असे प्रसंग घरात रोज येत नाहीत.

आईनं दाजींच्या ताटात दोन वाफाळते धोंडे ठेवले आणि वरून सढळ हातानं धार धरली. दाजी म्हणाले, "हं." आई सुखावली. दाजींनी धोंडा फोडला, मोठा घास घेतला आणि चावायला लागले. चावत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. घास जाईना. कूलरच्या वाऱ्यानं ताटातलं 'तूप' बघता बघता पांढरं, मग घट्ट, मग टणक झालं. दाजींनी दुसरा धोंडा उचलायला हात घातला, तर धोंड्याबरोबर ताटही उचललं गेलं!

"गोड झालंय ना, बापू?" आईनं विचारलं. चष्म्याशिवाय तिला फक्त जावयाचा आकार दिसत होता.

दाजींना 'हं' म्हणायचं होतं. पण ओठ वेगळे होईनात. मिशीच्या दोन्ही टोकांवर मेण थिजलं होतं आणि ती आता म्हशीच्या शिंगांसारखी आकाशाकडे बघत उभी होती. त्यांच्या नाकातून नुसताच "म्ं" असा आवाज आला.

"आवडलं!" आई आनंदानं म्हणाली. "अवो, मंग लाजता काय? घ्या की आनखी!" आणि तिनं भांडं पार उलटं केलं.

आधी बदकन काहीतरी काळं पडलं. मागून सळसळत करडी शेपटी आली.

"उंदीर!" शीतल किंचाळली आणि थेट धान्याच्या कोठीवर चढली.

"तुपात उंदीर!" रूपानं हंबरडा फोडला. "आई गं! आता माझ्या सासूबाई!"

अण्णा मोटारीच्या धंद्यातले, निर्णयाला पक्के. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि जावयाच्या ताटावर उगारली. इतक्या दिवसांची शोधाशोध, ते चुंबक, ती जुळी वेटोळी! मी उडी घेतली आणि दाजींच्या ताटावर पालथा पडलो.

"अण्णा, मारू नका! त्यो अल्निको हाय!"

काठी वरच थांबली. अण्णांनी ती भिंतीला टेकवली. मग हताश आवाजात म्हणाले, "अबे, उंदराला नाव बी ठेवलंस?"

मी रांगोळीतून उठलो, पोटाला चिकटलेला धोंडा काढला आणि सगळं सांगितलं. मेण हा शब्द मी उच्चारला तसं आईनं हातातलं रिकामं भांडं नाकाशी धरून हुंगलं. आई मटकन खाली बसली. "जावयाला मेण घातलंस? माज्या हातानं?" आणि तिचा आवाज असा फाटला, की इतका वेळ मला जे थोडं थोडं हसू येत होतं ते पार गेलं. रूपा भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला कळलं, हे मिशीपुरतं राहिलेलं नाही.

मी आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, कुणी मेण खाल्लं तर काय होतं?"

"कोन खाल्लं? लेकरानं?"

"जावयानं."

मग डॉक्टर म्हणाले, "धोंड्याच्या महिन्यात?"

"हो."

"तुमचं काही जुनं वाकडं हाय का त्यांच्याशी?"

"न्हाई हो! चुकून! मेणात गिटारीचा पिकअप बी होता. किती गेलं पोटात कळंना."

"ते धातूचं काही गिळलं न्हाई ना? मंग घाबरू नका. घासभर मेणानं काही होत न्हाई. जसं गेलं तसं बाहेर येतंय. पाणी द्या प्यायला. पोटात दुखलंच तर घेऊन या." आणि फोन ठेवता ठेवता, "जावयाला माझा नमस्कार सांगा."

मी पिकअपचे स्क्रू मोजले. सगळे जागेवर होते. आईनं नारायणगडाच्या देवाकडे तोंड करून हात जोडले.

दरम्यान दाजी उठून मोरीकडे गेले होते. रूपानं गरम पाण्यात टॉवेल पिळून त्यांच्या तोंडाला लावला होता. ते आमच्याकडे पाठ करून वाकून उभे होते आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते.

"बापूंना उलटी होयलीय!" आई धावली.

"रडायलेत," अण्णा हळूच म्हणाले. "जावई माणूस रडायलाय माझ्या दारात."

दाजींनी टॉवेल बाजूला केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हे खरं. पण तो माणूस हसत होता! मिशीचं एक टोक सुटून खाली आलं होतं, दुसरं अजून वरच होतं, आणि त्या तिरक्या मिशीखालून पी.टी.चे सर पोट धरून हसत होते.

"मामी," ते आईला म्हणाले, "लई उपकार झाले तुमचे!"

"कसले उपकार, बापू?" आई म्हणाली.

"आवो, महिना लागल्यापास्न जेवतोच हाय मी. चुलतसासरे झाले, मामेसासरे झाले, हिच्या मावशीकडं जाऊन आलो. जो उठतो त्यो पुरण चारतो आन वरून वाटीभर तूप! न्हाई म्हणावं तर जावई रुसला म्हणत्यात. आज इकडं येतानाच छातीत जळजळत होतं. आता दोन धोंडे कसे गिळावे ह्याच घोरात बसलो होतो. तितक्यात ह्यो उंदीर आला!"

आणि ते परत हसायला लागले.

"म्हंजे तुमी रुसलेले न्हाईत?" आईनं भीत भीत विचारलं. "त्या फेट्यावरून?"

"मामा रुसला होता. त्यो अजून रुसलेला हाय, त्यो सगळ्यांवर रुसतो. मला तुमच्या घरात काय बोलावं ते सुचतच न्हाई. तुमी सगळे एकदमच बोलता."

हे मात्र खरं होतं. आम्ही सगळे एकदमच म्हणालो, "असं काही न्हाई!"

मग रूपाला हसू फुटलं. तिचं बघून शीतलला, आणि शेवटी कोठीवरून शीतलला उतरवताना अण्णांना. आईनं मात्र आधी चष्मा शोधून घातला, जावयाच्या मिशीचं उरलेलं टोक स्वतः गरम पाण्यानं मोकळं केलं, आणि मगच पदर तोंडाला लावला. दाजींनी ज्वारीची गरम भाकर, पिठलं आणि ठेचा मागून घेतला. ते पोटभर जेवले आणि पोटभर बोलले. माजलगावच्या धरणात पोहायला शिकल्यापासून ते कॉलेजातल्या कबड्डीच्या टीमपर्यंत. अण्णांना मधे बोलायला जागाच मिळाली नाही. रूपाच्या सासूबाईंना काय सांगायचं, हेही त्यांनीच ठरवलं: "जेवण गळ्याशी आलं, म्हणून सांगतो. खोटं बी होत न्हाई."

संध्याकाळी ऊन उतरलं तसे दाजी म्हणाले, "पश्याभाऊ, ज्याच्यापायी एवढं झालं त्यो आवाज तरी ऐकू द्या."

मी पिकअप पुसून बसवला. अंगणात बाज टाकली, सगळे बसले. कौसाबाईही आल्या, म्हैस आधी लांब बांधून आल्या. स्पीकर चालू केला. आवाज वाढवला. आणखी वाढवला. कुई नाही, घरघर नाही! मेण असं मुरलं होतं, की एकेक सूर काचेसारखा स्वच्छ, लख्ख. मी डोळे मिटले आणि अर्धा तास जीव ओतून वाजवलं.

डोळे उघडले तेव्हा दाजी जमिनीकडे बघत होते. म्हणाले, "हं."

आई जवळ आली. माझ्या पाठीवर हात ठेवला. "पश्या, त्यो कुई आवाज पार गेला का रे?"

"पार गेला, आई!" मी अभिमानानं म्हणालो. "आता सगळं साफ ऐकू येतं."

"तेच म्हणायले," आई म्हणाली. "त्यो परत आणता येतो का बघ. त्याच्या आड तुझं वाजवणं झाकून जायचं."